कोहा वापरून ८ महिने झाले: वाईच्या वाचनालयातला अनुभव

आमचं वाचनालय वाईतलं, ‘ब’ वर्गाचं. ८ महिन्यांपूर्वी देवघेवीचं रजिस्टर मिटलं आणि कोहा सुरू केलं. ग्रंथालयाचं काम सांभाळणारं हे मुक्त-स्रोत (कुणालाही वापरता आणि बदलता येणारं) सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये बनलं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ ‘भेट’. देवघेव सुरळीत चालते, सभासदाला घरबसल्या मोबाईलवर पुस्तक जागेवर आहे की नाही ते कळतं. सॉफ्टवेअरवर मी खूश आहे. लिहायचंय ते त्याच्या माहितीपुस्तिकेबद्दल, कारण छोट्या वाचनालयांचं घोडं तिथेच अडतं.

पुस्तिका मोठी आहे आणि मन लावून लिहिलेली आहे. पण तिची मांडणी सॉफ्टवेअरच्या विभागांनुसार आहे, आणि आमच्याकडे प्रश्न येतो तो कामातून. काऊंटरवर सभासद म्हणतो, “पुस्तक हरवलं हो, आता काय करू?” याचं उत्तर थोडं देवघेवीच्या प्रकरणात, थोडं दंडाच्या, थोडं सेटिंगच्या. दुसरं म्हणजे दर मे आणि नोव्हेंबरला नवी आवृत्ती येते, प्रत्येकीची पुस्तिका वेगळी. गूगलवर शोधून जुन्याच आवृत्तीचं पान उघडलं आणि आमची एक दुपार गेली. आपल्या आवृत्तीचा आकडा आधी बघून घ्या.

सगळ्यात जास्त दमवलं ते मराठी शोधाने. वाईत विश्वकोशाचं कार्यालय, तेव्हा पहिला शोध ‘विश्वकोश’ हाच घेतला. खंड कपाटात, नोंदी केलेल्या, पण निकाल नीट येईना. आम्ही आठवडाभर नोंदीच तपासत बसलो. कारण वेगळंच होतं. कोहाच्या झेब्रा या शोधयंत्रात शब्द ओळखण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएचआर आणि आयसीयू. देवनागरीसाठी आयसीयू हवी, आमच्याकडे सीएचआर होती. भाच्याने साताऱ्याहून येऊन पद्धत बदलली, शोधाची सगळी सूची पुन्हा बांधली, आणि खंड ओळीने समोर आले. मराठी पुस्तकं असलेल्या कुणालाही ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळायला हवी.

दुसरी गाठ ‘रेकॉर्ड’ (पुस्तकाची नोंद) आणि ‘आयटम’ (त्याची एकेक प्रत) यांची. काऊंटरवरच्या ताईंना इंग्रजी व्याख्या वाचून दाखवली, पण उलगडा झाला दाखल रजिस्टर उघडल्यावर. एकाच पुस्तकाच्या ३ प्रती असतील तर ३ वेगळे दाखल क्रमांक पडतात. तसंच इथे रेकॉर्ड १, आयटम ३. दाखल क्रमांक आयटमला लागतो, रेकॉर्डला नाही. हे समजायच्या आधी आम्ही प्रत्येक प्रतीचं वेगळं रेकॉर्ड केलं होतं. ती सगळी नंतर एकत्र करावी लागली.

तेव्हापासून मी आमची मराठी पुस्तिका लिहितेय. मथळे कामाचे: नवा सभासद आला, पुस्तक हरवलं, अनामत परत द्यायची, लाईट गेली. कोहातल्या पेट्रनला सभासद, चेकआउटला देणे, चेकइनला जमा असे शब्द ठेवलेत. प्रत्येक पान आधी ताईंना देते, त्या न विचारता काम करू शकल्या तरच ठेवते. लाईट गेल्यावरचं पान तीनदा लिहावं लागलं.

मूळ पुस्तिकाही दुरुस्त करता येते. तिचा मजकूर गिटलॅब या संकेतस्थळावर साध्या फायलींत आहे, स्फिंक्स नावाच्या साधनाने त्याची पानं तयार होतात. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं, चार खुणा शिकल्या की पुरे. आयसीयूची सूचना कोहा बसवण्याच्या माहितीच्या सुरुवातीलाच यावी, असा मजकूर मी इंग्रजीत लिहून ठेवलाय. भाचा एकदा नजर घालेल, मग पाठवते.

कऱ्हाड, फलटणच्या वाचनालयांनी कोहा जरूर घ्यावं. फक्त पहिलं पुस्तक चढवण्याआधी आयसीयू तपासा. आमच्या पुस्तिकेत वार्षिक पडताळणीचं पान अजून व्हायचंय, मार्चच्या आत ते लिहून घेते.