ओव्हरप्रिंटची तिकिटं आणि डिजिटल मायक्रोस्कोप: आठ महिन्यांनंतर

दिवाळीच्या सुमारास हा मायक्रोस्कोप घेतला तो एकाच कामासाठी. माझा संग्रह मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा. तुर्कांची तिकिटं आणि त्यांवर ब्रिटिशांनी छापलेली अक्षरं, म्हणजेच ओव्हरप्रिंट. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांची दगडी पाटी आहे, ओढ तिथून लागली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी बगदादजवळच्या टेसिफॉनला लढल्या. ११० वी पुढे टायग्रिसकाठच्या कुत गावाच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली.

मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं तेव्हा हाती लागलेली तुर्की तिकिटं घेऊन त्यांवर 'बगदाद इन ब्रिटिश ऑक्युपेशन' आणि आण्यांतली किंमत छापली. ही तिकिटं फार थोडी, महाग, आणि म्हणून बनावट छाप मारलेली उदंड. १९१८ चा 'इराक इन ब्रिटिश ऑक्युपेशन' हा संच मात्र लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सनने नव्याने छापला. १९१४ ची तुर्की चित्रमालिका मुळात याच छापखान्याची. प्लेटा त्यांच्याकडेच होत्या. त्यामुळे पाव आण्यापासून दहा रुपयांपर्यंतच्या १४ तिकिटांवर चित्रं इस्तंबूलची, नाणं हिंदुस्थानचं आणि सत्ता ब्रिटिश फौजेची. एक पियास्टरच्या (तुर्की नाण्याच्या) निळ्या तिकिटावर सुलतान अहमद मशीद आणि तिच्यावर अडीच आणे! मला हा संच कधी जुना वाटत नाही. 'ऑक्युपेशन' हा शब्द तिकिटावर छापणं म्हणजे हा मुलूख अजून आमचा झालेला नाही, हे स्वतःच लिहून देणं.

आता यंत्राबद्दल. खोक्यावर १००० पट लिहिलंय, ते सोडून द्या. चाळीस-पन्नास पटीपर्यंत चित्र स्वच्छ येतं, पुढे नुसतं धूसर. पण या कामाला तेवढं भरपूर होतं. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या अक्षरांच्या छपाईत शाई अक्षराच्या कडेला दाबली जाऊन तिथे गडद रेघ उमटते आणि आतला भाग किंचित फिका राहतो. कागदाच्या पाठीवर कधी दाबही जाणवतो. पहिल्याच आठवड्यात माझं बगदादचं एकमेव तिकीट खाली ठेवलं. कडेला रेघ नाही, अक्षरांच्या भोवती बारीक ठिपके उडालेले. इंकजेटचं काम. ते मी दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून चांगले पैसे मोजून घेतलं होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही. तरी ते जपून ठेवलंय, आता ताडून पाहायला रोज उपयोगी पडतं.

दुसरी तपासणी म्हणजे शिक्का वर की ओव्हरप्रिंट वर. वापरलेल्या अस्सल तिकिटावर टपालाचा शिक्का सगळ्यात वर हवा. जांभळा किंवा निळा शिक्का असेल तर मायक्रोस्कोप लगेच दाखवतो. शिक्काही काळा आणि छापही काळी असेल तर मात्र तो काही सांगू शकत नाही. मी बरेच महिने सांगू शकतो असं समजत होतो, ती माझी चूक.

त्रास देतात ते यातले दिवे. सरळ वरून प्रकाश पडला की शाई चमकते आणि कडा हरवतात. दिवे पूर्ण मंद करून बाजूने साधी टॉर्च आडवी धरली की चित्र पालटतं. स्टँड डगमगतो, फोकसचं चाक फिरवलं की तिकीट सरकतं. मी खाली जाड काच आणि वर काळा कागद ठेवतो. फोनला ओटीजी केबलने जोडता येतो, फोटो साठवता येतात, हे मला सगळ्यात आवडलं. एकाच अक्षराचे वीस फोटो शेजारी लावले की तुटलेला 'आर', झिजलेला 'सी' डोळ्यांत भरतो. मोसुलच्या 'पोस्टेज आय. ई. एफ. डी' (इंडियन एक्सपेडिशनरी फोर्स डी, म्हणजे मेसोपोटेमियातली हिंदी फौज) छापाचं असंच केलं. १९१९ मध्ये तिथे तुर्की महसुली तिकिटांवर तो छाप मारून ती टपालाला लावली होती.

जलचिन्हासाठी, म्हणजे कागदातच असलेल्या फिकट खुणेसाठी (वॉटरमार्क), हे यंत्र कामाचं नाही. १९२१ मध्ये इराकच्या काही किमती जलचिन्हाच्या कागदावर आल्या, त्या ओळखायला काळी थाळी आणि वॉटरमार्क फ्लुइडच लागतं. पावसाळ्यात तर मी यंत्र आणि तिकिटं दोन्ही सिलिका जेलसकट बंद डब्यात ठेवतो, नाहीतर डिंक ओलावून तिकिटं चिकटतात.

नुसता संच भरायचा असेल त्याने दहापटीचं साधं भिंग घ्यावं, माझ्याही हातात तेच जास्त असतं. पण बगदाद किंवा बुशहर गोळा करणाऱ्याने हा घ्यावाच. बुशहर हे इराणचं बंदर ब्रिटिशांच्या ताब्यात होतं ते ऑगस्ट ते ऑक्टोबर १९१५ एवढंच, आणि त्याच्या बनावटी इतक्या की फोटोंशिवाय बोलणंच नको. माझं एक बुशहर सध्या तज्ज्ञांकडे प्रमाणपत्रासाठी गेलंय, सोबत सतरा फोटो जोडलेत. 'ऑक्युपेशन'मधल्या 'ओ'ची कड मला खरी वाटते. उत्तर आलं की इथेच लिहीन.