पोरं झोपल्यावर कोणता लावायचा: 'रँगो' की 'स्पिरिट'?

दोन्ही वेस्टर्न, दोन्ही ॲनिमेशन, दोन्हींचं संगीत हान्स झिमरचं. शनिवारची रात्र मोकळी आहे, पोरं झोपलीत, आणि तुम्हाला वाळवंट, घोडे, बंदुका असलं काहीतरी बघायचंय, पण रक्ताचे सडे नकोत. अशा वेळी 'रँगो' (२०११) आणि 'स्पिरिट: स्टॅलियन ऑफ द सिमरॉन' (२००२) यांत निवड कशी करायची, हा प्रश्न आमच्या घरी बऱ्याचदा पडलाय. मी दोन्ही तीन-चारदा बघितलेत. माझं माप म्हणजे आमचा सोफा, तेव्हा त्या हिशोबाने घ्या.

आधी 'स्पिरिट', कारण त्याला लहान मुलांचा म्हणून बाजूला सारलं जातं आणि ते बरोबर नाही. या सिनेमात घोडा बोलत नाही. ॲनिमेशनमधल्या प्राण्यांना तोंड आवरत नाही. इथे घोडा घोडाच राहतो. कान मागे पडले की राग, नाकपुड्या फुलल्या की धास्ती. लष्करी तळावर त्याला नाल ठोकायला आणि आयाळ कापायला घेतात तो प्रसंग नुसता बघावा. कर्नल त्याला तीन दिवस अन्नपाण्याशिवाय खांबाला बांधून ठेवतो, तेव्हा मान हळूहळू खाली येते आणि डोळे मात्र खाली येत नाहीत. हे हाताने काढलेलं आहे, आणि हातच इतकं काढू शकतो.

आणि तो रेल्वेचा प्रसंग. अख्खं इंजिन दोरखंडांनी डोंगरावर ओढायला शेकडो घोडे जुंपलेत. हा रूळ आपल्याच माळरानाकडे निघालाय, हे त्या जनावराला कळतं. मोठ्या माणसाला इथे आणखी एक गोष्ट टोचते: त्याच्यासोबतच्या लकोटा (अमेरिकेतली एक मूळ रहिवासी जमात) पोराच्या लोकांचं पुढे काय झालं, ते आपल्याला माहीत असतं. १८९० सालचं वुंडेड नी, म्हणजे अमेरिकी लष्कराने केलेलं लकोटांचं हत्याकांड, या सिनेमात नाही. तो त्याच्या आधीच, सुखाच्या वळणावर थांबतो. लहान मुलांसाठी ठीकच आहे, पण मला तो शेवट बघताना दर वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं.

इतकं सगळं असून माझं बिनसलं ते आवाजावर. घोडा बोलत नाही हे खरं, पण त्याच्या मनातलं मॅट डेमन बोलतो. घोड्याला घरची ओढ लागलीय हे आपल्याला दिसतंच, तरी डेमन ते सांगतो. त्याचं सांगून होतंय न होतंय तोच ब्रायन ॲडम्स तेच गाऊन सांगतो. ब्रायन ॲडम्सशी माझं काही वाकडं नाही, कॉलेजात त्याची कॅसेट घासून घासून संपवलीय. पण लग्नाच्या व्हिडिओत कसं होतं? मुलगी गाडीत बसतेय, आई पदर तोंडाला लावून उभी आहे. तेवढं पुरेसं असतं. व्हिडिओवाला मागे बिदाईचं हिंदी गाणं चढवल्याशिवाय राहत नाही, आणि डोळ्यांत आलेलं पाणी तिथेच आटतं.

एकदा काय झालं, आमची मुलगी हॉलमध्येच झोपून गेली. हेडफोन सापडेनात. मी आवाज पार शून्यावर नेला आणि 'स्पिरिट' तसाच, मुका बघितला. खरं सांगतो, सगळ्यात छान तो त्या रात्री दिसला. सुरुवातीला गरुडाबरोबर आपण दऱ्या आणि पठारं पार करत जातो, तिथे तर मी श्वास धरून बसलो होतो. झिमरचं संगीत गेलं, हे नुकसान मान्य. पण आवाज बंद केल्यावर सुधारणारा सिनेमा दुसऱ्याला सुचवताना जरा चाचरायला होतं. तुम्हाला गाणी आवडत असतील तर हीच गोष्ट तुमच्यासाठी उलटीही असू शकेल, ते मी नाकारत नाही.

दुसऱ्या रात्री तोच प्रयोग 'रँगो'वर केला. दहा मिनिटांत रिमोट शोधला. 'मारियाची' हे मेक्सिकन लोकसंगीत वाजवणारी घुबडं अधूनमधून येतात आणि हा नायक आता मरणार आहे असं खुशाल गाऊन जातात. ती गाणीसुद्धा गोष्टीवर बोलतात, पण घोड्याच्या मनातलं समजावत नाहीत. नायकाची खोडी काढतात. माझ्या लेखी फरक एवढाच आहे, आणि तो मोठा आहे.

'रँगो'चा नायक म्हणजे पाळीव सरडा, शॅमेलिऑन. काचेच्या पेटीत बसून प्लास्टिकचा मासा आणि मुंडकं नसलेली बाहुली यांच्यासोबत नाटकं बसवणारा. गाडीतून पेटी उडते आणि हा मोहावी वाळवंटात. 'डर्ट' नावाच्या गावात थापा मारून पहिलवान होतो, एक ससाणा चुकून मरतो आणि गाव याला शेरीफ करतं. नोकरीच्या मुलाखतीत "हो, येतं मला" म्हणून पुढे सहा महिने घाम गाळलेल्या प्रत्येकाला हा सरडा ओळखीचा वाटेल. शेपटीला मशीनगन असलेला रॅटलस्नेक जेक गावात येतो आणि भर चौकात, सगळ्यांदेखत, त्याच्या तोंडून खरं वदवून घेतो. त्यात कुणी मरत नाही. तरी मला 'स्पिरिट'मधल्या सगळ्या पाठलागांपेक्षा त्याचीच धडकी जास्त भरते. लहान मुलं सापाला घाबरतात. मोठी माणसं त्याच्या प्रश्नांना.

दिसायला हा सिनेमा मुद्दाम कुरूप आहे. चिरलेली कातडी, किडके दात, सगळ्यावर बसलेली धूळ. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सवाल्या कंपनीने केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट, आणि प्रकाशासाठी सल्लागार म्हणून रॉजर डीकिन्ससारखा छायाचित्रकार. गुत्त्याच्या अंधारात दारातून येणारा उन्हाचा पट्टा बघितलात की ते नाव उगाच नाही हे कळेल. दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्कीने जॉनी डेप आणि बाकीच्यांना एकेकटं माइकसमोर उभं न करता एकत्र आणलं, कपडे-सामानासकट प्रसंग करून घेतले आणि आवाज तिथेच घेतला. म्हणून संवाद एकमेकांवर आदळतात, मध्येच तुटतात. ऑस्कर त्यालाच मिळालं. 'स्पिरिट' आपल्या वर्षी नामांकनावर थांबला होता. अर्थात ऑस्करवरून घरात कधी काही ठरत नाही.

तक्रारी आहेत. १०७ मिनिटं लांब आहे, 'स्पिरिट' ८३ मिनिटांत आटोपतो. मधला वाळवंटातला प्रवास रेंगाळतो. गावकऱ्यांचं इंग्रजी इतकं अडाणी ढंगाचं आहे की सबटायटल लावाच. जुने इटालियन वेस्टर्न न बघितलेल्यांना काही विनोद डोक्यावरून जातील, मलाही पहिल्यांदा गेले.

पण त्याचा मूळ विषय आहे पाणी. दर बुधवारी दुपारी बाराला गाव रिकामी भांडी घेऊन रांगेत नळाकडे निघतं, कासव असलेला महापौर भाषण ठोकतो, नळ फिरवतात आणि घरघर होऊन चिखल पडतो. बँकेच्या तिजोरीत पैसा नसतो, तिथे पाण्याची बाटली ठेवलेली असते. हे हवेतून आलेलं नाही. १९१३ साली लॉस एंजेलिसने कालवा काढून ओवेन्स नदीचं पाणी शहराकडे वळवलं आणि मागे ओवेन्स तळं कोरडं पडलं, तो इतिहास या कासवाच्या पोटात आहे.

आमचे अण्णा लातूरचे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा ते तिथेच होते. मागच्या दिवाळीत आमच्याकडे आले असताना मी 'रँगो' लावला, तर "पोरांचं काय लावलास" म्हणत शेंगांची ताटली घेऊन कडेला बसले. नळातून चिखल पडला तेव्हा शेंगा फोडणं थांबलं. तिजोरी उघडली तेव्हा म्हणाले, "ही पतसंस्थाच की रे!" मग दहा-पंधरा मिनिटं तेच सांगत होते, कुठल्या गल्लीत टँकर किती वाजता यायचा आणि कुणाची घागर आधी लागायची. सिनेमा मी थांबवून ठेवला होता.

पुढे तो रेंगाळणारा भाग आला आणि त्यांचा डोळा लागला. सकाळी चहाचा कप हातात घेतल्यावर पहिलं वाक्य काय, तर "त्या कासवाचं काय झालं?" मी सांगितलं नाही. म्हटलं, रात्री उरलेला बघू.