शेवटच्या टेपसाठी कूलर बंद ठेवा : ‘द थिन ब्लू लाइन’

गुन्ह्यांवरचे माहितीपट आता ढिगाने येतात. खुनी कोण हे एकदा कळलं की बहुतेक पुन्हा लावावेसे वाटत नाहीत. एरॉल मॉरिस यांचा १९८८ चा ‘द थिन ब्लू लाइन’ मात्र दुसऱ्यांदा पाहताना जास्त उलगडतो.

प्रकरण अमेरिकेतल्या डलासचं. नोव्हेंबर १९७६ मध्ये रात्री गाडी अडवायला गेलेल्या रॉबर्ट वुड या पोलिसाचा गोळ्या घालून खून झाला. सोळा वर्षांच्या डेव्हिड हॅरिसने रँडल अ‍ॅडम्सकडे बोट दाखवलं आणि अ‍ॅडम्सला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आली. चित्रपटाने साक्षीपुराव्यातली भगदाडं दाखवली, आणि १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटला.

यात निवेदक नाही, बोलणाऱ्यांच्या नावांच्या पट्ट्या नाहीत. कोण काय बोलतोय ते ऐकूनच ओळखायचं, म्हणून सुरुवात जड जाते. इंग्रजी सबटायटल लावूनच बसा. खुनाचा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी थोडा बदलतो, कारण पडद्यावर दिसतं ते त्या त्या माणसाने सांगितलेलं. पोलीस ‘वेगा’ मॉडेलची गाडी शोधत राहिले, खुन्याची गाडी निघाली ‘कॉमेट’. वुडची सहकारी खाली उतरली होती की गाडीतच होती, हा प्रश्न शेवटी मिल्कशेकच्या एका ग्लासावर येतो. तो ग्लास हवेतून संथपणे खाली येताना पाहाच. हल्लीच्या मालिकांत अशी पुन्हा उभी केलेली दृश्यं पुरावा म्हणून खपवली जातात. इथे ती शंका निर्माण करतात. फिलिप ग्लास यांचं संगीत मात्र काही ठिकाणी फारच दाटतं.

जळगाव-धुळ्याकडे एखाद्या जुन्या खटल्यावर असा माहितीपट करायचा असेल, तर कॅमेरा काढण्याआधी कोर्टातून निकालाची प्रमाणित नक्कल काढा. साक्षीदार अहिराणीत बोलला तर अहिराणीच ठेवा, खाली मराठी द्या. प्रमाण मराठीत वदवून घेतलं की माणूस तोलून बोलतो, आणि त्याचं अडखळणं, जे खरं हवं असतं, तेच हरवतं.

कॅमेऱ्याशिवाय वेगळा रेकॉर्डरही चालू हवा. हॅरिसच्या शेवटच्या मुलाखतीला मॉरिस यांचा कॅमेरा बिघडला होता. पडद्यावर नुसता टेपरेकॉर्डर फिरतो आणि अ‍ॅडम्स निर्दोष असल्याची खात्री आपल्याला कशी, हे हॅरिस शांतपणे सांगतो. मे महिन्यात भुसावळला पाहत असाल, तर तेवढ्यापुरता कूलर बंद ठेवा. त्यातला एक शब्दही निसटता कामा नये.