ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस': ५६ ओळींत उभा केलेला माणूस

व्यक्तिरेखेची कविता लिहू पाहणाऱ्याने इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' हातात पेन्सिल घेऊन वाचावी. १८४२ च्या 'ड्रॅमॅटिक लिरिक्स'मधली ही कविता आज इंटरनेटवर फुकट मिळते. बोलणारा एकच, इटलीतल्या फेराराचा ड्यूक. तो एका पाहुण्याला आपल्या दिवंगत बायकोचं चित्र दाखवतोय. तो गर्विष्ठ आहे, क्रूर आहे, असं कवी कुठेही सांगत नाही. तरी कविता संपते तेव्हा हा माणूस आतून-बाहेरून कळलेला असतो.

याचं मुख्य कारण म्हणजे ड्यूकचं त्या पाहुण्याकडे काम आहे. तो मन मोकळं करायला आलेला नाही. पाहुणा एका काउंटचा दूत आहे, आणि त्या काउंटच्या मुलीशी ड्यूकला लग्न करायचंय. हे आपल्याला कळतं शेवटच्या आठ-नऊ ओळींत, हुंड्याचा विषय निघाल्यावर. मग आधीचं सगळं वेगळंच ऐकू येतं. पहिलीचं काय खटकायचं हे सांगणं म्हणजे दुसरीसाठी आगाऊ तंबी! व्यक्तिरेखेच्या कविता बहुधा इथेच फसतात. पात्र कुणाशी आणि कशासाठी बोलतंय हे कवीने ठरवलेलं नसतं, म्हणून ते स्वतःची ओळख करून देत बसतं. आपल्या गवळणींना हे नेमकं ठाऊक आहे. गवळण कान्ह्याचं गाऱ्हाणं यशोदेपुढे मांडते, आणि गाऱ्हाण्यातून तिचीच ओढ दिसते.

दूत एकदाही बोलत नाही, पण दिसत राहतो. पाचव्या ओळीत त्याला बसायला सांगितलंय, ४७ व्या ओळीत उठायला. जाताना तो बहुधा अदबीने मागे थांबतो, कारण ड्यूक म्हणतो, नाही, बरोबरच खाली जाऊ. ऐकणाऱ्याची हालचाल बोलणाऱ्याच्याच वाक्यात कशी टाकायची, ते इथे पाहावं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो पंचविसाव्या ओळीपासूनच्या यादीला. डचेसला, म्हणजे ड्यूकच्या त्या बायकोला, कशाकशाचा आनंद व्हायचा? नवऱ्याने दिलेलं, छातीवर मिरवायचं भूषण, मावळतीचा उजेड, कुणा लुडबुड्याने बागेतून तोडून आणलेली चेरीची फांदी, आणि फेरफटका मारायचं पांढरं खेचर. ड्यूकची तक्रार अशी की, आपली भेट आणि ती फांदी तिने एका पंगतीला बसवली. आपल्याला मात्र त्याच चार वस्तूंतून एक हसरी, साधी मुलगी दिसते. एकाच यादीत दोन माणसं उभी राहतात. 'ती फार निरागस होती' असं एक विशेषण घातलं असतं तर दोघंही गेली असती.

बायकोचा काटा काढल्याची कबुलीही पाहण्यासारखी आहे. हुकूम दिले आणि सगळं हसणं थांबलं, एवढंच ४५-४६ व्या ओळींत येतं. त्यानंतर दहा ओळी उरतात. घाईचा कवी हा धक्का शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवेल. इथे ड्यूक त्यावरून सहज हुंड्यावर येतो, आणि जाता जाता समुद्री घोड्याला काबूत आणणाऱ्या नेपच्यून या समुद्रदेवाचा ब्राँझचा पुतळा दाखवतो. अंगावर काटा येतो तो या सहजपणाने.

यमकाच्या २८ जोड्या आहेत, पण मोठ्याने वाचताना जाणवत नाहीत, कारण वाक्यं ओळीच्या टोकाला न थांबता पुढच्या ओळीत शिरतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यावरच यमक जुळवलं की वाक्य आणि ओळ एकदमच संपतात, आणि पात्र बोलायचं सोडून गाऊ लागतं. वाक्य ओळीच्या मध्यावर संपवलं की हा दोष बराच जातो.

कविता पहिल्या वाचनात मात्र हाती लागत नाही. इंग्रजी जुनी आहे, आणि ३५ ते ४३ या ओळींतली वाक्यरचना गुंतागुंतीची आहे. दोनदा सावकाश वाचावी लागते.

मराठीत आणायला घेतली तर एक गोष्ट आपल्या भाषेत आयती आहे. ड्यूक दूताला चार वेळा 'सर' म्हणतो, बायकोचं नाव मात्र एकदाही घेत नाही. दूतासाठी 'आपण' आणि तिच्यासाठी फक्त 'ती' ठेवलं की निम्मा ड्यूक तिथेच उभा राहतो. राजघराण्याचा मान म्हणून कुणी 'त्या' लिहिलं, तर तो हातचा गेला.