मधल्या मारुतीजवळचं बत्तीचं दुकान: काम चोख, दिलेली तारीख खोटी

सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या एका बोळात स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करणारं खोपटाएवढं दुकान आहे. पाटी नाही. दारात पितळी टाक्या टांगलेल्या दिसल्या की तेच. माझी बत्ती तिथं अकरा दिवस पडून होती. सांगितले होते चार.

बत्ती बाबांची. ते दीपगृहावर नोकरीला होते, म्हणून माझं लहानपण रत्नागिरीच्या बाजूला एका टेकाडावर गेलं. (मधे खांदेरीला बदली झाली. १८६७ चं दीपगृह, चहूकडून पाणी. तिथं ते एकटेच राहिले आणि आम्ही थळला.) वरचा झोत लांब समुद्रात जायचा आणि आमच्या अंगणात मात्र डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही. बाईंनी शाळेत ‘दिव्याखाली अंधार’ शिकवलं तेव्हा त्यात शिकण्यासारखं काय आहे ते मला कळेना. त्याच अंधारासाठी बाबांनी स्वतःच्या पगारातून ही बत्ती घेतली.

वरचा दिवा आणि ही बत्ती एकाच जातीची. पंपानं टाकीत हवा भरायची, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती मेंटलवर, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीवर, जळते. वरचा नुसता थोराड. त्याच्याभोवती माणसाहून उंच भिंगं, पण पाऱ्यावर तरंगणारी. एकदा बाबांनी मला ती एका बोटानं ढकलू दिली आणि एवढं धूड खरंच हललं! फिरवायला घड्याळासारखं यंत्र होतं. त्याचं वजन हळूहळू खाली उतरायचं, मग हँडल मारून पुन्हा वर चढवायचं, रात्रभर तेच. दिवसा काचांना पडदे, कारण भिंगातून ऊन आत एकवटलं तर आगच लागायची. प्रत्येक दीपगृहाचा लुकलुकण्याचा हिशेब वेगळा, त्यावरून खलाशी ओळखतात आपण कुठं आलो ते. मी अंथरुणात पडून आमचा हिशेब मोजायची. लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा कितीतरी रात्री मोजायला काही नाही म्हणून झोप लागली नाही.

बाबा आवाजावर चालायचे. जेवताना बत्तीचा सूर जरा तुटला की घास खाली ठेवून आधी पिन मारायचे. दुकानातल्या काकांनी बत्ती हातात घेतली, दहा-बारा पंप मारले, टाकी कानाशी नेली आणि काही उघडायच्या आत सांगितलं, “अक्का, वायसर वाळलाय. निपल बी गेलंय.” उघडल्यावर तसंच निघालं. चामड्याचा वायसर खोबरेलात रात्रभर भिजवून बसवला. “आपल्या उन्हात कातडं टिकत न्हाई, वर्साला तेल पाजत जावा,” म्हणाले.

न्यायला गेले तेव्हा मेंटल समोरच बांधलं. सुती पिशवीसारखं लोंबतं ते. पेटवलं की काळं पडतं, आक्रसतं, मग पांढरंशुभ्र होतं. त्यानंतर ती नुसती राख असते, बोट लागलं की भुगा. घरी बाबा मेंटल जाळायचे तेव्हा आम्हा भावंडांना “श्वास धरा” म्हणायचे. मी दुकानात उभ्या-उभ्या श्वास धरला. काका म्हणाले, “काय झालं अक्का, चक्कर येतीय का?”

आता तक्रारी. दिलेल्या दिवशी गेले तर बत्तीला हातही लागलेला नव्हता. पावती देत नाहीत. मजुरीसकट ४५० रुपये घेतले, मेंटल वेगळं, आणि ते आधी सांगितलं नाही. रॉकेल आपलं आपण न्यायचं. सगळ्यात राग आला तो चकाकीचा. टाकीवर बाबांनी खिळ्यानं रेघ ओढली होती, रॉकेल किती भरायचं त्याची. घासू नका म्हणून दोनदा सांगितलं होतं, तरी बफ मारून लखलखीत करून दिली. रेघ आता टाकी उजेडात तिरकी धरली तरच दिसते. काकांना वाटलं अक्का खूश होतील.

तरी काम हवं असेल तर जा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत नको, दुकान उघडं सापडत नाही. जास्तीची दोन मेंटलं घेऊन ठेवा.

परवा रात्री वीज गेली तेव्हा गच्चीवर लावली. हे म्हणाले, “इन्व्हर्टर आहे की. आणि ही आवाज किती करते!” मी आणखी चार पंप मारले.