गोडाची तलफ आणि रत्नागिरीतील एक आहारसल्ला केंद्र

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात चालणाऱ्या एका आहारसल्ला केंद्राच्या सेवेचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मुद्दामच दिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि आपल्याकडे एखाद्या केंद्रावर केलेली टीका दुसऱ्या दिवशी ते चालवणाऱ्या माणसावरची टीका होऊन बसते. वजन उतरवून देण्याच्या पाट्या आता गावोगाव दिसतात. या केंद्राचा दावा मात्र वेगळा आहे. गोड आणि तळकट खाण्याची तलफ मुळात का येते हे समजावून देणे आणि मग ती आवाक्यात आणायला शिकवणे, असे त्यांच्या काही महिन्यांच्या कार्यक्रमाचे स्वरूप आहे. यातले पहिले काम ते उत्तम करतात. दुसऱ्याबद्दल माझे मत संमिश्र आहे.

पहिल्या भेटीत, वजनकाट्यावर उभे करण्याआधी, मधुमेह आहे का आणि त्यासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या चालू आहेत का, हे विचारले जाते. औषध घेणाऱ्या मधुमेही माणसाला घाम फुटून, हात थरथरून गोड खावेसे वाटले तर ती तलफ नसून रक्तातील साखर उतरल्याची खूण असू शकते, आणि अशा वेळी त्याला संयम शिकवणे धोक्याचे ठरते. म्हणून ही विचारपूस मला फार महत्त्वाची वाटली. त्यानंतर एक वही दिली जाते. तीत काय खाल्ले यापेक्षा खावेसे कधी वाटले, त्याआधी काय चालले होते, शेवटचे जेवण केव्हा झाले होते आणि आदल्या रात्री झोप किती झाली, हे लिहायचे असते. वही भरत जाते तसे लक्षात येते की तलफ दिवसभर पसरलेली नसते. ती ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी येते. आमच्या घरी ती वेळ दुपारच्या वामकुक्षीनंतरच्या चहाची आणि रात्री जेवणे उरकून टीव्हीसमोर बसण्याची निघाली.

यामागचे शास्त्र सांगणारे सत्र हा या सेवेचा सर्वांत सरस भाग आहे. एखादा पदार्थ आवडणे आणि तो हवाहवासा वाटणे या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोपामिन या रसायनाचा संबंध खाताना होणाऱ्या आनंदापेक्षा ‘आता ते मिळणार’ या अपेक्षेशी अधिक असतो. त्यामुळे डब्याचे झाकण निघाल्याचा आवाजसुद्धा हात पुढे करायला पुरतो, आणि पहिल्या दोन-तीन घासांनंतर चवीकडे लक्ष उरलेले नसतानाही तो हात डब्यात जातच राहतो. साखर आणि स्निग्धांश हे दोन्ही भरपूर असलेले पदार्थ निसर्गात क्वचितच सापडतात. हापूसमध्ये साखर आहे, पण चरबी नगण्य. ओल्या खोबऱ्यात चरबी आहे, पण साखर थोडी. त्यांची गाठ घालून देतो तो स्वयंपाकी किंवा कारखानदार, मग तो वरून तुपाची धार सोडलेला उकडीचा मोदक असो, काजूकतली असो वा पुड्यातले क्रीमचे बिस्कीट. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उष्मांक आणि आवड सारखीच असतानाही लोक स्निग्ध व पिष्टमय यांचा मेळ असलेल्या खाऊसाठी जास्त पैसे मोजायला तयार झाले होते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या २०१९ सालच्या अभ्यासात २० प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न पोटभर खाऊ दिले, तेव्हा पहिल्या प्रकारात ते दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होते. हे ऐकल्यावर ‘माझ्यात निग्रहच नाही’ हा स्वतःवरचा आरोप बराच सैल होतो.

झोपेचा मुद्दाही तिथे नीट मांडला जातो. शिकागो विद्यापीठातील २००४ सालच्या प्रयोगात केवळ दोन रात्री चार-चार तास झोप मिळालेल्या तरुणांमध्ये तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले होते. त्यांना सर्वाधिक हवेसे वाटले ते गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थ. रात्रभर कोकणकन्येने प्रवास करून उतरलेला पाहुणा दिवसभर फरसाणाच्या डब्याभोवती का घुटमळतो, याचे एक उत्तर यात असावे.

प्रत्यक्ष उपायांपैकी मला सर्वांत उपयोगी पडलेली कसोटी साधी आहे. भूक कुळथाची पिठी आणि भातानेही भागते. तलफ एकाच पदार्थाचे नाव घेऊन येते. पिठी-भात चालत असेल तर जेवायला बसावे, चालत नसेल तर थोडे थांबावे, कारण बहुतेक तलफा पुरवल्या नाहीत तरी काही वेळाने आपोआप ओसरतात. अ‍ॅलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीच्या कामात रूढ केलेली ही रीत लाटेच्या उपमेने शिकवली जाते. (भाट्याच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना लाट चढते कशी आणि ओसरते कशी हे पडद्यावर चित्रे दाखवून समजावण्याची गरज नव्हती.)

चहाचा हिशोब मात्र डोळे उघडणारा आहे. एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम साखर धरली, तर दोन-दोन चमच्यांचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम; जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी सुचवलेली अधिक हितकर मर्यादा सुमारे २५ ग्रॅम आहे. तिथल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “काकू, चहा सोडू नका, चमचे मोजा.” गूळ आणि मधही याच हिशोबात धरायचे असतात, हे त्या ठामपणे सांगतात, आणि कोकमाच्या बाबतीत अमृत कोकमाऐवजी मीठ घातलेले आगळ पाण्यात घालून वर जिरेपूड टाकायला सुचवतात. अखंड फळातील साखर या मर्यादेत मोजत नाहीत, म्हणून मे महिन्यात आंब्यावर बंदी नाही. साखर घातलेला आमरस आणि बाजारातील आंबापोळी यांवर आहे. गणपतीत मोदक किती खायचे हे आधी ठरवून ते जेवणाबरोबरच खावेत, नंतर येता-जाता उचलू नयेत, हा सल्लाही आमच्या घरी पाळला गेला.

आता उणिवा. हाती दिला जाणारा छापील आहारतक्ता कोकणासाठी केलेलाच नाही. त्यात ओट्स, ब्रोकोली आणि पनीर आहे. बांगडा, चवळीची उसळ किंवा नाचणीची भाकरी शोधूनही सापडत नाही. खोबऱ्यावर तर सरसकट फुली मारलेली आहे. आमटीतल्या वाटणाने उष्मांक वाढतात हे खरे, पण रात्री अकरा वाजता सोलकढीसाठी फडताळ उघडणारा मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही, आणि ज्याची तलफच येत नाही ते काढून घेतल्याने तलफ कमी कशी होणार? तळणाबद्दलचे मार्गदर्शनही तोकडे आहे. साखरेवर इतका वेळ दिल्यानंतर पावसाळ्यातील भजी, वडे आणि वर्षभरचे फरसाण यांची बोळवण ‘टाळावे’ या एका शब्दात केली जाते. वास्तविक ग्रॅममागे साखरेचे चार उष्मांक तर तेलाचे नऊ असतात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे स्वागतकक्षात मांडलेली ‘शुगर फ्री’ बिस्किटे आणि सुक्रालोजच्या गोळ्या. वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून असे कृत्रिम गोडवे वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला, त्यातून आधीपासून मधुमेह असलेल्यांना वगळले आहे. पण ही बिस्किटे सर्वांनाच सुचवली जातात. सल्ला देणाऱ्यानेच माल विकावा हे मला पटत नाही. व्हॉट्सॲपवरचा गट सुरुवातीला उपयोगी होता, पुढे तो ताटांच्या फोटोंचा आणि जाहीर कबुलीजबाबांचा फलक झाला, आणि लाज वाटून लोक लपवून खाऊ लागले तर त्याचा दोष गटावरच जातो. थोड्या वेळात भरमसाट खाणे, त्यावरचा ताबा पूर्ण सुटणे आणि नंतर तीव्र पश्चात्ताप, हे वारंवार होत असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याचा आजार असू शकतो. तशी कोणतीही व्यवस्था इथे दिसली नाही.

मुंबईच्या मानाने शुल्क माफक आहे आणि समजावून सांगण्याची हातोटी पाहता ते वाजवीही वाटते. ज्यांना संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटे आणि जेवणानंतरचे गोड कमी करायचे आहे, त्यांनी अवश्य जावे. दुपारी केंद्र बंद असते, त्यामुळे बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्यांनी आधी फोन करून वेळ ठरवावी, आणि छापील तक्ता परत देऊन आपल्या घरी खरोखर शिजणाऱ्या पदार्थांचा तक्ता हाताने लिहून मागावा. आग्रह धरल्यास तो लिहून दिला जातो.