चार डिस्कचं नॅस: रेड ५, रेड ६ की रेड १०?

चार डिस्क बसतील असं नॅस (नेटवर्कला जोडायचं स्टोरेज) घेतलं की सेटअपमध्येच हा प्रश्न समोर येतो: रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी गेली तरी डेटा वाचवायची पद्धत, यातला कुठला प्रकार घ्यायचा? बहुतेक जण किती जागा हाती लागते तेवढं बघून रेड ५ निवडतात. माझ्या मते निवड वेगळ्याच गोष्टीवरून करावी: एक डिस्क गेल्यापासून नव्या डिस्कवर रिबिल्ड (हरवलेला डेटा परत भरणं) पूर्ण होईपर्यंत तुमचा डेटा किती उघडा पडतो?

जागेचा हिशोब सोपा आहे. ४ टीबीच्या चार डिस्क धरल्या तर रेड ५ मध्ये १२ टीबी मिळतात, रेड ६ आणि रेड १० मध्ये ८ टीबी. दोनच डिस्क असतील तर फार विचार नको, सरळ रेड १, म्हणजे मिरर: दोन्ही डिस्कवर तोच डेटा.

रेड ५ चं गणित देखणं आहे. तीन डिस्कवर एकाच जागी १, ०, १ असे बिट असतील तर चौथ्या डिस्कवरची पॅरिटी, म्हणजे पडताळणीचा बिट, ०, कारण त्यातल्या १ या अंकांची संख्या सम आहे. मधली डिस्क मेली तरी उरलेल्या १, १ आणि पॅरिटीच्या ० वरून हरवलेला बिट ० होता हे कळतं. पण असा एकेक बिट परत काढायचा तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे इथे १२ टीबी. साध्या डिस्कच्या स्पेसिफिकेशनमध्ये एकावर चौदा शून्यं इतके बिट वाचताना फार तर एक वाचता न येणारी चूक गृहीत असते. ते होतात १२.५ टीबी, म्हणजे जवळजवळ एका रिबिल्डएवढंच वाचन. प्रत्यक्षात डिस्क सहसा याहून चांगल्या वागतात, तरी त्या भरवशावर राहावंसं मला वाटत नाही. त्यातच दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं, आणि चारही डिस्क बहुधा एकदमच घेतलेल्या, सारख्याच वयाच्या असतात. १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड मांडलं तेव्हा डिस्क मेगाबाइटमध्ये मोजत. आज १२ टीबीची एक डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने सलग भरली तरी १६-१७ तास जातात. नॅस वापरात असेल तर त्याहून बरेच जास्त.

रेड ६ मध्ये कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं, म्हणजे रिबिल्ड चालू असतानाही एक आधार शिल्लक राहतो. छोट्या छोट्या नोंदी लिहिताना मात्र ते मंद पडतं.

तिथे रेड १० सरस. यात डिस्कच्या जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो. रिबिल्डमध्ये फक्त जोडीदार डिस्कची कॉपी होते, त्यामुळे ते लवकर आटोपतं. मात्र नेमका तो जोडीदारच गेला तर डेटा गेला.

म्हणून फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं यांसाठी रेड ६. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीनसाठी रेड १०. रेड ५ छोट्या डिस्कपुरतं ठीक. काहीही घ्या, डिस्क एसएमआर प्रकारची (एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत डेटा लिहिणारी) नको, कारण रिबिल्डमध्ये ती फार रखडते. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळ्या डिस्क वाचून चुका शोधणं) लावा आणि बिघाडाची सूचना ईमेलवर येते ना, हे तपासून घ्या.

चुकून डिलीट केलेली फाइल किंवा रॅन्समवेअर यांपुढे यातलं काहीच उपयोगाचं नाही. तेव्हा पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर रेड ६ साठीची जादा डिस्क बाहेर ठेवून तिच्यावर मावेल तेवढ्या महत्त्वाच्या डेटाचा बॅकअप घ्या आणि नॅसमध्ये तीन डिस्कचं रेड ५ चालवा.